प्रकल्प नोंदी: एक क्रिस, एक जोडी मोजे, एक जोडी पॅम्पूटी

१३ ऑक्टोबर २०२४, गॉलवे

आजपासून वही सुरू. काम असं ठरलंय: १९०० च्या आसपास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ऍरन बेटांवरची माणसं अंगावर जे घालत, त्यातल्या तीन वस्तू कच्च्या मालापासून स्वतः करायच्या. कमरेचा विणलेला पट्टा, म्हणजे क्रिस. गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे. आणि कच्च्या कातड्याची पादत्राणं, त्यांना पॅम्पूटी म्हणतात. मे महिन्यात इथल्या ग्रंथालयात हस्तकलेचं टेबल लागतं, तिथे मांडायच्या. कोट करणार नाही. माझ्याकडे माग नाही, आणि एका हिवाळ्यात कोटाला पुरेल एवढं सूत माझ्या एकटीच्या हातून निघणारही नाही.

निमित्त शेजारच्या आजींचं. वय ८४, माहेर कॉनेमारातलं, बोलणं आयरिशमध्ये. गॉलवेच्या दुकानांत पांढऱ्या जाड स्वेटरांच्या चळती लागलेल्या असतात आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगतात: हा आयर्लंडचा पुरातन पोशाख. मी एकदा आजींना त्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या घरात असला एकही नव्हता." मग काय होतं, या माझ्या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिलं ते तासभर चाललं. त्यातूनच हे काम निघालं.

गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने दोन मेंढ्यांची लोकर फुकट दिली. मेंढ्या गॉलवे जातीच्या, मोठ्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या. पैसे घ्यायला तयार नव्हता. इथे लोकरीचा भाव इतका पडलाय की कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. ज्या लोकरीवर एकेकाळी घरंच्या घरं अंग झाकायची, ती आता गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यात पडून असते. मला याचं फार वाईट वाटलं.

पोतं उघडल्यावर जो वास आला तो मला ओळखीचा. जतकडच्या आमच्या घरी आजोबांची काळी घोंगडी होती. पावसात भिजली की तिला हाच वास यायचा.

१९ ऑक्टोबर

लोकर धुतली. कचरा, लेंड्या, काटे हाताने वेचले, त्यातच अख्खी सकाळ गेली. पाणी चांगलं कढत लागतं, पण हात स्थिर ठेवावा लागतो. ढवळलं किंवा चोळलं की लोकरीचा नमदा होतो आणि मग ती कशाच्याच कामाची राहत नाही. बुडवायची, निवांत ठेवायची, उचलायची. तीन पाणी. साडेचार किलो लोकरीची वाळून अडीच किलो राहिली; बाकीचा मेणकट तेलाचा थर आणि माती.

इथल्या जुन्या बायका पिंजण्याआधी लोकरीला पुन्हा थोडं स्निग्ध लावत, बदकाची किंवा हंसाची चरबी, नाहीतर लोणी. तंतू तुटू नयेत म्हणून. मी खोबरेल तेलाचे चार थेंब तळहातावर चोळून घेते. चालतंय.

पिंजायला तारांचे दात असलेल्या दोन फळ्या. एकीवर लोकर पसरायची, दुसरीने विंचरायची, मग हलक्या हाताने गुंडाळून पेळू करायचा. कापसाचा पेळू ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पहिले दहा पेळू गाठाळ झाले. अकरावा बरा.

२७ ऑक्टोबर

मेयो परगण्यात कॅसलबारजवळ टर्लो पार्कला राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवनाची शाखा आहे, २००१ साली सुरू झालेली. मुलाला घेऊन गेले. तो गवताच्या मुखवट्यांपुढून हलेना. लग्नाच्या रात्री गवताचे टोप घालून तोंड झाकलेले तरुण घरात शिरून नाचत, त्यांचे ते. मी कातण्याच्या चाकांपुढून हलेना.

दोन प्रकारची चाकं. छोटं पायाने चालवायचं, बसून कातायचं, ते मुख्यतः जवसाच्या तंतूसाठी. मोठं चाक लोकरीचं, माणसाच्या छातीपर्यंत येणारं, आणि त्याच्यापुढे बसायचं नाही. उजव्या हाताने चाकाला फेरा द्यायचा, डाव्या हातात पेळू धरून मागे मागे जायचं, सूत लांबत जातं, मग पुढे येत ते चातीवर गुंडाळायचं. म्हणजे कातणारी बाई दिवसभर घराच्या जमिनीवर मागेपुढे चालत असायची. किती मैल, याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

मी लाकडी चातीवर कातणार. मोठं चाक मिळालं तरी आमच्या फ्लॅटमध्ये चालायला जागा नाही.

३ नोव्हेंबर

आज दिवसभर वाचन. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने एक विलक्षण काम केलं. तेव्हाच्या स्वतंत्र आयर्लंडच्या २६ परगण्यांतल्या प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, लिहून आणा. सुमारे ५,००० शाळा, जवळजवळ ७,४०,००० पानं. विषयांची यादी ठरवून दिलेली होती आणि तिच्यात एक विषय होता: गावात तयार होणारे कपडे. मुलांच्या वळणदार अक्षरातली ती पानं आता घरबसल्या वाचता येतात. ११-१२ वर्षांच्या मुलांनी लिहिलेली वाक्यं साधी, छोटी. पण पन्नासेक पानं वाचून झाली की एक अख्खं घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

शिंपी घरोघर फिरायचा. आला की दोन-चार दिवस, काम मोठं असलं तर आठवडाभर, त्या घरीच जेवायचा, झोपायचा. टेबलावर मांडी घालून शिवायचा, टेबल नसलं तर दरवाजा बिजागऱ्यांवरून काढून आडवा टाकत. कापड घरचं, सूत घरचं, शिंपी फक्त हात आणि बातम्या घेऊन यायचा. पंचक्रोशीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय मेली, सगळं त्याच्या तोंडून कळायचं.

मैद्याची पोती. हे जवळजवळ प्रत्येक पानावर. रिकामी पोती उसवून, उकळून, हिरवळीवर उन्हात पसरून पांढरी करायची आणि त्यांतून चादरी, सदरे, पोरांचे आतले कपडे शिवायचे. गिरणीचं छापील नाव लवकर जात नसे. आजी म्हणाल्या तेही हेच: रात्री गालाखाली अक्षरं असायची, त्या अक्षरांवर त्या इंग्रजी वाचायला शिकल्या.

मे महिना लागला की पोरं अनवाणी, ती थंडी पडेपर्यंत. मोठ्या बायकाही चर्चला जाताना बूट हातात घेऊन चालत आणि चर्च दिसू लागलं की पायात घालत. तळवे नसलेले मोजेही असत, घोट्यापर्यंत लोकर आणि खाली उघडं पाऊल. त्यांना मार्टिन म्हणत.

नव्या कपड्याचे रिवाज: पहिल्यांदा रविवारी प्रार्थनेला घालायचा. पोराला नवा सूट केला की शेजारीपाजारी त्याच्या खिशात एक नाणं टाकत, खिसा कधी रिकामा राहू नये म्हणून. आपण हळदीकुंकवाचं बोट लावतो, तसंच.

आणि मेलेल्या माणसाचे कपडे. ते नातलगाला किंवा मित्राला द्यायचे, आणि त्याने सलग तीन रविवार ते घालून चर्चला जायचं. तीन रविवार झाले की मग कपडा त्याचा. असले कपडे लवकर झिजतात अशीही समजूत होती. हे वाचल्यावर मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसले. माझ्या वडिलांचा एक स्वेटर माझ्याकडे आहे, तो मी कधी घातलेला नाही.

११ नोव्हेंबर

आज कातलं नाही. आज सेंट मार्टिनचा दिवस, आणि या दिवशी चाक फिरवायचं नाही असा जुना दंडक: ना कातण्याचं, ना गाडीचं, ना गिरणीचं. आजींनी सकाळीच आठवण दिली. माझी चाती चाक नाही, पण फिरते तर खरी. ठेवून दिली.

त्या वेळात पांढऱ्या स्वेटराची हकिकत नीट लिहून काढली, कारण टेबलावर लोक तेच विचारणार.

जाड दोरखंडासारखी, चौकटींची नक्षी असलेला हा स्वेटर बेटांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजला. त्याआधी कोळ्यांचे गडद निळे साधे स्वेटर होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या गरिबीवर उपाय म्हणून १८९१ साली सरकारने एक मंडळ नेमलं होतं. मासेमारी, विणकाम, लेस अशा उद्योगांना त्याने हात दिला. ठिकठिकाणची माणसं कामानिमित्त बेटांवर येऊ लागली, त्यांच्याबरोबर टाके आले, आणि इथल्या बायकांनी त्यांतून आपलं काही उभं केलं. १९३० साली म्युरिएल गेहान यांनी डब्लिनमध्ये 'कंट्री शॉप' उघडलं आणि बेटांवरच्या बायकांचं काम शहरात विकायला सुरुवात केली. पुढे १९६० च्या दशकात क्लॅन्सी बंधू हे गायक अमेरिकेत तेच स्वेटर घालून मंचावर उभे राहिले आणि मागणी भडकली.

'प्रत्येक घराण्याची वेगळी नक्षी असायची, बुडालेल्या माणसाची ओळख त्यावरून पटायची' ही गोष्ट मात्र खरी नाही. तिचं मूळ जॉन मिलिंग्टन सिंज यांच्या १९०४ सालच्या एका नाटकात सापडतं. तिथे बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती मोज्यावरून, आणि तीही नक्षीवरून नाही. तिने त्या मोज्याला साठ टाके घातले होते आणि त्यातले चार सुटले होते, हे तिला आठवतं. स्वतःच्या हातचं चुकलेलं काम बाई विसरत नाही, एवढंच त्यात आहे. घराण्याच्या नक्षीपेक्षा मला हे कितीतरी मोठं वाटतं.

म्हणून माझ्या मोज्यालाही साठच टाके घालणार.

म्हणजे हे स्वेटर खोटे का? नाही. बायकांनी कमाईसाठी केलेलं अस्सल काम आहे ते. पण विकायला केलेली वस्तू आणि घरात झिजवलेली वस्तू यांत फरक असतो, आणि संग्रहालयात येते ती बहुधा पहिली. दुसरी पायपुसणं होऊन संपते.

२३ नोव्हेंबर

रंग. ज्या शेतकऱ्याने लोकर दिली त्याने जुनी दगडी कुंपणभिंत उकलायला घेतलीय. त्या दगडांवरचं करडं दगडफूल चमच्याने खरवडून आणलं. इकडे त्याला क्रोटल म्हणतात. उभ्या खडकावरचं मुद्दाम काढलं नाही. ते इतकं सावकाश वाढतं की मी आज खरवडलं तर माझ्या मुलाच्या म्हातारपणीसुद्धा भरून येणार नाही. मिळालं ते ५० ग्रॅम, म्हणून रंगवलं तेही ५० ग्रॅमच सूत.

कृती सोपी. पातेल्यात सूत आणि क्रोटल यांचे थरावर थर, वर पाणी, आणि मंद आच. तुरटी लागत नाही, दुसरं काहीच लागत नाही. चार तास ठेवलं, रात्रभर त्याच पाण्यात निवू दिलं. सकाळी धागा वर काढला तर गंजलेल्या लोखंडाचा, विटकरीकडे झुकणारा तपकिरी रंग, एकसारखा, खोल. घरभर ओल्या मातीचा आणि धुराचा मिसळलेला वास. तो सुतातून जात नाही. आजींनी लडी नाकाला लावली आणि डोळे मिटले.

तिकडे स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरचे कोळी क्रोटलने रंगवलेले मोजे समुद्रावर नेत नसत. खडकावरून आलेलं पुन्हा खडकाकडे जातं, अशी त्यांची भीती.

दलदलीच्या डबक्यातल्या काळ्या चिखलातून काळा रंग काढत. निळा आणि लाल मात्र दुकानातून. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून लाल. बायकांचे जाड लोकरी लाल परकर याचेच. आणि निळीचं म्हणाल तर एकोणिसाव्या शतकात युरोपात जाणारी नीळ मोठ्या प्रमाणात बंगाल-बिहारमधली, तिथल्या रयतेला छळून पिकवलेली. एका गरीब किनाऱ्यावरच्या कापडाला दुसऱ्या गरीब मुलखाचा रंग. माझ्या निळ्या लडीला मी नीळच वापरली, पण ती वापरताना हे डोक्यातून जात नव्हतं.

दुसरी एक गोष्ट, जी टेबलावरच्या पाटीवर लिहायची की नाही हे ठरत नाहीये: रंग धरायला आणि कापड धुवायला घरोघरी शिळं मूत्र साठवलेलं असे. त्यातल्या अमोनियामुळे लोकरीची चिकटाई सुटते. लिहीन. खरं आहे ते.

८ डिसेंबर

आईचा फोन. काय चाललंय विचारलं, तर जवसाबद्दल सांगत बसले. तिला पटेना. "अगं, जवसाची चटणी करतात. कापड कुठलं?"

झाड एकच. आपल्याकडचं बुटकं, फांद्या फुटणारं, बियांसाठी. इकडचं उंच, सरळ, तंतूसाठी. निळी फुलं दोन्हीकडे. इकडे ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे तंतूची लांबी वाया जात नाही. मग जुड्या बांधून डबक्यात आठ-दहा दिवस कुजवायच्या, वर दगड ठेवून. तो वास मैलभर जाई आणि माणूस कमरेएवढ्या त्या पाण्यात उतरून जुड्या बाहेर काढी. मग वाळवणं, कुटणं, दातेरी फळीतून ओढणं, आणि मग कुठे कातणं.

उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, हे फार मोठं. १७९६ साली लिनन (म्हणजे जवसाचं कापड) मंडळाने जाहीर केलं की एक एकर जवस लावणाऱ्याला कातण्याची चार चाकं आणि पाच एकर लावणाऱ्याला माग. त्या बक्षिसाची जवळजवळ ६०,००० नावांची यादी आजही लोक आपले पूर्वज शोधायला चाळतात.

आई म्हणाली, चाकं मिळाली तर बायकांना. यादीत नावं कुणाची? मी पाहिलं. बहुतेक पुरुषांचीच.

२९ डिसेंबर

पाहुणे, सुट्ट्या, मुलाचा खोकला. तीन आठवड्यांत फक्त ४० ग्रॅम सूत.

२७ जानेवारी २०२५

२४ तारखेला पहाटे एओविन वादळ आलं. कॉनेमाराच्या टोकाला मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला, या देशात वारा मोजायला लागल्यापासूनचा सर्वांत मोठा. वीज गेली ती अजून आलेली नाही. लाखो घरं अंधारात आहेत. आम्ही तिघं आजींच्या घरी, कारण त्यांच्याकडे टर्फची शेगडी आहे. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, इकडचं जुनं जळण.

मोजा याच तीन रात्रींत वाढला. चार सुया, दोन्ही टोकांनी टोकदार. तीन सुयांवर साठ टाके वाटलेले, चौथी फिरती. मेणबत्ती एकच, ती टेबलावर मुलाजवळ. मला माझे हात दिसत नव्हते. आजी म्हणाल्या, बघू नकोस, मोज. सुलटा टाका गुळगुळीत लागतो, उलट्याचा लहानसा उंचवटा बोटाला कळतो, आणि सुटलेला टाका बोटाखाली शिडीच्या पायरीसारखा आडवा येतो. तासाभराने मला तो फरक कळायला लागला. आजी स्वतः डोळे मिटून विणत होत्या. त्यांची आई पाठीवर टर्फची टोपली घेऊन चालता चालता विणायची, लोकरीचा गुंडा कमरेला अडकवलेला. दोन मोकळे हात म्हणजे दोन बेकार हात, असं ती म्हणायची.

त्यांच्या गोष्टींत बायका विणत असतात, सतत. पाणी आणताना, गाय चारताना, अंत्ययात्रेहून परतताना. मी आतापर्यंत हे छान, निवांत चित्र म्हणून बघत होते. अंधारात तीन तास विणल्यावर माझा खांदा भरून आला तेव्हा कळलं, की त्या बाईला विणायला म्हणून वेगळा वेळ कधी मिळालाच नव्हता.

पोटरीसाठी हळूहळू कमी करत घोट्यापाशी ४८ टाके.

१ फेब्रुवारी

सेंट ब्रिजिडचा दिवस. काल रात्री आजींनी एक कापडाचा तुकडा बाहेर झुडपावर टाकून ठेवला. रात्री ब्रिजिड जवळून जाते आणि कापडाला हात लावते; वर्षभर डोकेदुखीवर तोच डोक्याला बांधायचा. आजही चाक फिरवायचं नाही. वीज आली.

१६ फेब्रुवारी

क्रिस विणला. याला माग लागत नाही आणि म्हणूनच मला तो सगळ्यात आवडलाय.

ताण्याचे ३० धागे, प्रत्येकी साडेतीन मीटर. दोन्ही कडांना पांढरे, हा नियम. आत क्रोटलचा तपकिरी, मंजिष्ठाचा लाल, निळा, पुन्हा लाल. ताण्याचं एक टोक पायातल्या बुटाच्या तळव्याखालून घेऊन बांधलं, दुसरं टोक कमरेशी, आणि पाय लांब केला. ताण किती ठेवायचा हे पायाने ठरतं. गुडघा जरा मुडपला की धागे सैल. एकाआड एक धाग्याला बारीक दोऱ्याचा फास घालून ते फास एकत्र बांधले. फास उचलले की निम्मे धागे वर, फटीतून बाणा घालायचा, तळहाताच्या कडेने ठोकायचा. फास सोडून उरलेले धागे बोटांनी वर काढायचे, पुन्हा बाणा. आणि प्रत्येक वेळी बाणा घट्ट ओढायचा, इतका की ताण्याचे धागे एकमेकांना चिकटतील आणि बाणा आत पूर्ण लपेल. दिसतात ते फक्त उभे रंग.

पहिली वीतभर पट्टी वाकडी गेली. कारण सापडायला वेळ लागला: उजवीकडून बाणा ओढताना माझा हात जास्त जोर देतो. डावीकडे मुद्दाम मोजून ओढायला लागल्यावर कडा सरळ आली. उसवली नाही, त्या वीतभर वाकडेपणावरून हा क्रिस माझा हे मला कुठेही ओळखू येईल.

टोकं तीन-तीन पेडांच्या वेण्या घालून सोडली. बायका हे पट्टे पुरुषांसाठी विणत. कमरेला दोनदा गुंडाळून ते जाड विजार धरून ठेवत, आणि जड वल्हं ओढताना पाठीला आधार होई.

मुलाच्या कमरेला तो चार वेढे बसला. तसाच पळत आजींकडे दाखवायला गेला. त्या म्हणाल्या, "गो मारा तू इस गो गाहा तू ए," म्हणजे तू जग आणि हे झिजव. मग पर्स शोधून त्याच्या खिशात दोन युरोचं नाणं टाकलं. मी काही बोलले नव्हते. शाळेच्या वह्यांतलं ते वाक्य मी फक्त वाचलं होतं.

बेटांवर त्याच्या वयाचा मुलगा विजारीत नसता. दहा-बारा वर्षांपर्यंत मुलग्यांनाही परकरच घालत. परी-लोक मुलगे पळवतात, त्यांना फसवायला, असं सांगतात. घरात एकाच मापाचं कापड मोठ्याकडून लहानाकडे, मुलीकडून मुलाकडे जाऊ शकतं, हेही त्यात असणार असं मला वाटतं.

९ मार्च

पॅम्पूटी. छोट्या कत्तलखान्यातून मीठ लावलेलं, केसांसकट गाईचं कातडं मिळालं. हातात घ्यायला मला दोन दिवस लागले. घरी काय वाटेल, हा विचार आलाच. मग वाटलं, ज्यांनी हे घातलं त्यांच्याकडे निवड नव्हती, आणि मी त्यांचंच काम समजून घ्यायला बसलेय.

कातडं रात्रभर पाण्यात. पाऊल वर ठेवून चारही बाजूंनी चार बोटं जास्त कापलं, केस बाहेर. पुढे आणि टाचेपाशी कडेला भोकं पाडून त्यांतून मासेमारीची दोरी ओवली. ओढली की कातडं पावलाभोवती द्रोणासारखं गोळा होतं, मग दोरी घोट्याला बांधायची. टाच नाही, तळ नाही, खिळा नाही.

दुपारी बरेनला गेलो. ऍरन बेटं आणि बरेन एकाच चुनखडीची. उघडा, भेगाळलेला, पावसाने ओला खडक. माझे बूट त्यावर घसरतात. पॅम्पूटी घातल्यावर पायाची बोटं खडकाच्या कडा धरायला लागली. टाच आधी टेकवून चालता येत नाही, बोटांवर भार येतो आणि चाल आपोआप हलकी होते. तासभर चालले, एकदाही घसरले नाही. थंडी मात्र थेट हाडात.

वाळलं की हे कातडं लाकडासारखं कडक होतं, म्हणून बेटांवरचे लोक रात्री ते पाण्यात बुडवून ठेवत आणि दिवसाही ओलं राहू देत. मी विसरले. सकाळी जोडी कौलासारखी वाकडी झाली होती. पुन्हा पाण्यात.

३० मार्च

तासांची बेरीज केली. धुणं-पिंजणं २२, कातणं ६१, दुपदरी पीळ ९, रंग १४, क्रिस २६, मोजे आतापर्यंत ३८. एकूण १७०. पॅम्पूटी धरली नाही, तिला एक दुपार.

६१ तासांत ५२० ग्रॅम सूत, म्हणजे तासाला नऊ ग्रॅमही नाही. मुरलेली बाई मोठ्या चाकावर याच्या कितीतरी पट काढायची. पण एका पुरुषाच्या बंडी-विजारीला दोन किलो सूत धरलं, तर माझ्या हाताने नुसतं कातायलाच २३५ तास. त्यानंतर विणकराकडे, तो कापडाची लांबी हातावर मोजून, बॅन्डलमध्ये, मजुरी घेणार. आपला 'हात' तसाच त्यांचा बॅन्डल, साधारण दोन फुटांचा. मग ओलं कापड तुडवून घट्ट करणं. मग शिंपी.

आणि घरात असे सात-आठ जण. म्हणूनच गरिबांच्या अंगावर जुने, दुसऱ्याचे उतरलेले, इंग्लंडहून गठ्ठ्यांनी येणारे कपडेही भरपूर असत. सगळंच घरचं होतं असं म्हणणं म्हणजे त्या बायकांचे तास फुकट धरणं.

ग्रंथालयाच्या पाटीवर प्रत्येक वस्तूखाली तास लिहिणार. नक्षीचं नाव नाही, तास.

६ एप्रिल

दुसरा मोजा संपला असं समजून काल आजींना दिला. त्यांनी तो हातात धरला, अंगठा टाचेत घातला, ओढला, पहिल्या मोज्याशेजारी मांडीवर ठेवला. चष्माही लावला नाही.

"टाच आखूड आहे."

मी मोजलं. पहिल्या मोज्याच्या टाचेला २४ टाक्यांवर २८ ओळी, दुसऱ्याला २४. चार ओळी कमी. पायात घातल्यावर कळणारही नाही, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, बुटात कळेल, पॅम्पूटीत तर पहिल्या मैलाला भोक पडेल.

रात्री मुलगा झोपल्यावर पावलापासून घोट्यापर्यंत उसवला. लोकर धुतलेली नसल्याने धागा सरळ आला, फक्त जिथे क्रोटलची पट्टी जोडली होती तिथे एक गाठ अडली. ती सुईने सोडवली. ४८ टाके पुन्हा तीन सुयांवर घेतले, २४ बाजूला काढले. आज सकाळपर्यंत टाचेच्या ११ ओळी झाल्यात.